उस्तादाची डावी बाजू

पेरणी तोंडावर आली आणि कालवा फुटला. भगदाड असं पडलं होतं की ट्रॅक्टर आडवा घातला असता तरी आत मावला असता. पाहणीला आलेले लोक काठावर उभे राहिले, फिती धरून मोजमापं घेतली आणि ‘वर्ष तरी लागेल’ म्हणत जीपमध्ये बसले. कालव्याखालची रानं तशीच उघडी पडली. लावणी नाही, निंदणी नाही, काढणी तर लांबच. ज्यांचं स्वतःचं रान होतं ते निदान बांधावर जाऊन हळहळत तरी होते. ज्यांचं पोट दुसऱ्याच्या रानावर, त्यांना हळहळायलाही जागा नव्हती.

धाकटी त्यातलीच. लहानपणापासून तिनं लोकांच्या रानात खुरपं चालवलेलं. घरात दोन भाऊ, त्यांच्या दोन बायका, धाकटीची आठ वर्षांची पोरगी आणि एकच चूल. नवरा पूर्वी हमरस्त्यावरच्या गोदामात माल चढवायचा. दोन वर्षांमागे पाठीवर पोतं घेऊन ट्रकच्या फळीवरून घसरला आणि कमरेतून गेला. तेव्हापासून तो ओसरीत बसून गोदामाची फाटकी पोती शिवायचा. दाभण आत घालायचा, दोरा ओढायचा, कण्हायचा. दिवसाचं सगळं बोलणं तेवढंच.

घर चालत होतं ते थोरल्या दिरावर. गोदामात फोर्कलिफ्ट चालवणारा तो सगळ्यात जुना. मालक सोडले तर सगळे त्याला उस्तादच म्हणायचे. घरीसुद्धा तेच नाव पडलं होतं. पुढचे दोन लोखंडी सुळे मालाच्या लाकडी फळ्याखाली घालून तो दीड टनाचा ढीग असा उचलायचा, जसं झोपलेलं मूल अंथरुणावरून उचलावं.

एका संध्याकाळी उस्ताद घरी आला तो हातात छापील अर्ज घेऊनच.

“गोदामात शिकाऊ घेतायत,” तो म्हणाला. “वर्षभर माझ्या हाताखाली. तीनशे तास गाडी चालवायची, तासांची वही भरायची, परीक्षा द्यायची. पास झालं की कायम.”

“आता या वयात कोण शिकणार?” थोरली जाऊ चुलीपुढून म्हणाली.

“धाकटी शिकेल.”

थोरली हसली ती खोकला येईपर्यंत. “अहो, ते लोखंडी जनावर आणि ही? शेळी बांधायला सांगितली तर दोनदा गाठ तपासते.”

“म्हणूनच,” उस्ताद म्हणाला. “हिला भरलेली बादली आणताना बघितलंय मी. विहिरीपासून दारापर्यंत थेंब सांडत नाही. असा स्थिर हात गोदामात कुणाचा नाही.”

धाकटी भांडी विसळत होती. तिनं वर बघितलं नाही, पण कानाच्या पाळ्या गरम झाल्या. लग्नाला दहा वर्षं झाली होती. तिच्या हाताबद्दल या घरात कुणी बोललं असेल तर भाजीत मीठ जास्त पडल्यावरच. तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो दाभणाच्या नेढ्यात दोरा ओवत होता. दोरा ओवला गेला होता, तरी ओवत होता.

“तुम्हाला काय वाटतं?” तिनं विचारलं.

“दादा म्हणतो तर कर,” तो म्हणाला.

पहिला महिना तिला सीटवर बसूही दिलं नाही. उस्तादानं तिला नुसती नजर शिकवली. कुठल्या खोक्याचं वजन कुठल्या बाजूला आहे. कुठला फळा खालून कुजलाय. माल घेऊन जाताना सुळे जमिनीपासून वीतभरच वर, आणि सुळ्यांचा उभा खांब जरासा मागे कललेला. “माल छातीशी धरायचा, तोंडापुढे नाही,” तो सांगायचा. ढीग उंच असेल आणि पुढचं दिसत नसेल तर गाडी उलटी चालवायची. वळण आलं की भोंगा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, या गाडीची मागची चाकं वळतात. “पुढून नीट गेलीस म्हणून खूश होऊ नकोस. हिचं ढुंगण कुणाला लागतंय ते बघ.” हमाल खो खो हसायचे. धाकटी पदर खोचून गंभीरपणे मान हलवायची.

दुसऱ्या महिन्यापासून जेवणाच्या सुट्टीत, गोदाम रिकामं असताना, तो तिला सीटवर बसवू लागला. सुरुवातीला गाडी हिसके खायची, तिचे हात मनगटापासून सुजायचे आणि घरी आल्यावर पोरगीची वेणी घालताना बोटं मिटायची नाहीत. मग एके दिवशी तिनं फरशीच्या खोक्यांचा ढीग मांडणीच्या तिसऱ्या फळीवर ठेवला आणि सुळे बाहेर काढले तरी वरचं खोकं हललंसुद्धा नाही. कठड्यावर बसलेला लांब्या, हमालांतला सगळ्यात उंच आणि सगळ्यात तोंडाळ, उठून उभा राहिला. “उस्ताद,” तो म्हणाला, “तुमची पेन्शन हिनं आजच काढली.”

सगळे हसले. उस्ताद हसला नाही. त्यानं वही काढली, दोन तास लिहिले, खाली सही केली आणि वही परत आपल्या पिशवीत घातली. “पानं ऑफिसात मी जमा करतो,” तो म्हणाला. “तुझ्याकडे ठेवलीस तर चुलीत जातील.”

बाकीचा वेळ तिची जागा ठरलेली. गाडीच्या डाव्या बाजूला, सुळ्यांपासून चार पावलांवर. “उजवीकडचं मी बघतो, डावीकडचं तू सांग,” असं त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती सांगायची. अजून जरा. अजून. बस्स. डावीकडे माणूस आहे. डावीकडे खांब, हातभर. तिला वाटायचं, शिकवायची ही रीतच असणार.

थंडीत कधीतरी तिच्या लक्षात आलं. ती डावीकडून पाण्याचा तांब्या पुढे धरायची आणि तो तसाच धरून राहावा लागायचा. हाक मारली की मगच उस्ताद मान पूर्ण वळवून बघायचा. एकदा तिनं विचारलं, “भाऊजी, डोळ्याला काही झालंय का?”

“धूळ गेलीय.”

“आठ दिवस झाले.”

“मग मोठी धूळ असेल,” तो म्हणाला, आणि त्या दिवशी त्यानं तिला सीटवर बसू दिलं नाही. ती पुन्हा विचारायला गेली नाही. माणूस म्हातारा होतो, डोळा अधू होतो, त्यात विचारण्यासारखं काय? ती फक्त जास्त मोठ्यानं सांगू लागली. तिच्या हिशेबानं तोवर दोनशे बारा तास झाले होते. तिनं त्या खुणा मोरीजवळच्या भिंतीवर कोळशानं केल्या होत्या आणि पोरगी रोज शाळेतून आली की त्या मोजायची.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका दुपारी दोन ट्रक एकदम लागले होते. उस्ताद घाईत होता. मालाच्या चलनावर शिक्का राहिला म्हणून त्यानं धाकटीला ऑफिसात पिटाळलं. बाकीचे नळावर हातपाय धूत होते. ती शिक्का मारून घेत होती तेव्हा आवाज झाला. आधी लोखंडाची करकर, मग फरशीची खोकी एकामागून एक पडत गेली. आणि मग माणसाचा आवाज, जो तिनं आधी कधी ऐकला नव्हता.

ती धावत आली. गाडीचा मागचा कोपरा मांडणीच्या खांबात घुसला होता. खांब वाकला होता आणि वरचा ढीग खाली आला होता. ढिगाखालून लांब्याचा डावा पाय दिसतच नव्हता. तिनं चलन फेकलं आणि खोकी उपसायला लागली. फुटलेल्या फरशीच्या कडा तळहातात शिरत होत्या. लांब्याचं तोंड खाली होतं. तो मांडणीमागे झाडू शोधायला वाकला होता. गाडी त्यानं पाहिलीच नव्हती.

उस्ताद तिच्या शेजारी येऊन बसला. तोही खोकी बाजूला करत होता. पण ओठ तिच्या कानाशी होते.

“धाकटे, गाडीवर तू होतीस.”

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“तू शिकाऊ आहेस. तुला नुसतं बोलतील. मला घरी बसवतील. ऐकतेयस ना? तू होतीस.”

नळावरचे लोक पोचले. कुणीतरी ओरडलं, “कोण होतं गाडीवर?” उस्तादानं फक्त तिच्याकडे बघितलं, आणि त्याच्या बघण्यामागून सगळ्यांनी बघितलं. ती रक्ताळलेल्या हातानं खोकी उपसत राहिली. ती नाही म्हणाली नाही, आणि तेवढं पुरलं.

संध्याकाळी घरी उस्ताद जेवायला बसला नाही. ओसरीत भिंतीला टेकून खाली मान घालून बसला. एवढा मोठा माणूस, आणि त्याची हनुवटी लहान पोरासारखी हलत होती.

“दोन वर्षं राहिलीत माझी,” तो म्हणाला. “या डोळ्याचं बाहेर पडलं तर उद्या सकाळी गेटच्या बाहेर. मग हे घर कुणाच्या जिवावर? सांग. त्याची कंबर गेलीय. कालवा फुटलाय.”

“पण लांब्याचा पाय...” धाकटी म्हणाली.

“पाय कुणी मुद्दाम मोडला का? त्याचा दवाखाना कंपनी बघेल. कागदावर नाव कुणाचंही असो, पाय तर गोदामातच मोडला ना?”

थोरलीनं तिचा हात धरला. एरवी ती हातात फडकंही देताना आपटून द्यायची. “पोरी, सहा महिन्यांचा प्रश्न आहे. सहा महिन्यांनी हे साहेबांशी बोलतील. तुझे तास कुठे जात नाहीत.”

धाकटीनं नवऱ्याकडे बघितलं. तो पोत्यावर वाकला होता.

“दादा म्हणतो ते कर,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांच्या टेबलावर टाईप केलेला कागद होता. धाकटीला वाचता यायचं, पण अक्षराला अक्षर लावत. ‘मी खाली सही करणार’ इथपर्यंत ती पोचली होती. उस्तादाचा जाड अंगठा कागदाच्या मधोमध पडला होता, आणि त्याचं बोट खालच्या रेघेवर होतं. “इथे,” तो म्हणाला. “साहेबांना वेळ नाही.” अंगठ्याखाली काय लिहिलंय ते तिनं विचारलं नाही. तिनं सही केली. सगळं नाव लिहिलं, काना-मात्रा न चुकता.

तिला गाडीवरून काढलं आणि झाडलोटीला लावलं. बिल्ला काढून घेतला. हमाल, जे तिला डब्यातलं लोणचं द्यायचे, ते ती झाडत आली की पाय उचलायचे आणि दुसरीकडे बघायचे. “जपून रे,” एखादा म्हणायचा, “बाईच्या हातात झाडू आहे, पाय सांभाळा.” साहेबांनी फर्मान काढलं, यापुढे गाडीवर बाई नको. दोन गावांतल्या तीन पोरींचे अर्ज आले होते, ते परत गेले. त्यातली एक तिला गेटवर भेटली. तिनं नुसतं पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि सायकल वळवली.

हे सगळं ती गिळत होती. सहा महिने, ती मनाशी म्हणायची. पण पंधराव्या दिवशी उस्तादानं नवा शिकाऊ आणला. थोरलीचा भाऊ, तिशी ओलांडलेला, आजवर कुठल्या कामाला न टिकलेला. त्याला सीटवर बसवलं नाही. त्याला डाव्या बाजूला उभं केलं, सुळ्यांपासून चार पावलांवर. धाकटी झाडू घेऊन उभी राहिली. तो खिशात हात घालून उभा होता आणि अधूनमधून म्हणायचा, “अजून जरा. बस्स.”

उस्तादानं त्याला वजनाचं सांगितलं नाही, कुजलेल्या फळ्याचं सांगितलं नाही, मागच्या चाकांचंही सांगितलं नाही. तो शिकवतच नव्हता.

हे तिला दिसत होतं. पण तेव्हा तिनं ते शब्दात आणलं नाही. माणूस काही गोष्टी कळूनही थोडे दिवस कळल्या नाहीत असं धरून चालतो.

लांब्याकडे ती दर आठवड्याला डबा घेऊन जायची. त्याची म्हातारी आई दार उघडायची नाही. डबा उंबऱ्यावर ठेवून धाकटी परत यायची आणि दुसऱ्या दिवशी तो न उघडलेला, मुंग्या लागलेला, तिच्याच दाराशी असायचा. चौथ्या वेळी म्हातारीनं दार उघडलं. तिच्या हातात एक लिफाफा होता.

“वाचता येतं ना तुला?” म्हातारी म्हणाली. “सही तर झोकात केलीयस. वाच.”

दाराच्या फटीतून लांब्या दिसत होता. खाटेवर आडवा, पायाला मळलेली पट्टी, पाय सुजून रंग बदललेला. त्याचं विनोद करणारं तोंड जागच्या जागी होतं, माणूस मात्र कुठेतरी निघून गेला होता.

धाकटीनं अक्षराला अक्षर लावून वाचलं. कंपनीचं पत्र होतं. शिकाऊ कामगारानं ‘वारंवार ताकीद देऊनही, परवानगीशिवाय, उस्तादांच्या गैरहजेरीत’ गाडी चालवल्याचं स्वतः लिहून दिलं आहे, त्यामुळे हा अपघात कामातला धरता येत नाही. म्हणून पुढचं ऑपरेशन आणि दवाखाना कंपनीकडे नाही.

तिनं ते तीनदा वाचलं. अंगठ्याखाली हे होतं.

“ऑपरेशन झालं नाही तर पाय कापावा लागेल म्हणतात,” म्हातारी म्हणाली. “आता तुझा डबा आण आत. बघू दे त्याला काय आणलंयस ते.”

ती घरी पोचली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. नवरा ओसरीत एकटाच होता. पोत्यांच्या ढिगात बसल्यामुळे त्याचं डोकं आणि हात तेवढे दिसत होते. ती त्याच्या समोर उकिडवी बसली आणि पत्रात काय होतं ते सांगितलं. त्यानं दाभण थांबवलं नाही.

“तुम्हाला माहीत होतं? कागदात काय आहे ते?”

“कागदाचं नव्हतं माहीत.”

“मग काय माहीत होतं?”

दाभण थांबलं. पोत्याच्या तागाची धूळ उन्हात तरंगत होती. त्यानं दोऱ्याची गाठ चाचपली. मग म्हणाला, “डोळ्याचं.”

“ते तर मलाही कळलं होतं. थंडीत.”

“मला आधीपासून. तो अर्ज आणायच्या आधीपासून.” त्यानं मान वर केली नाही. “दादा म्हणाला, डावीकडचं दिसत नाही. बाजूला कुणीतरी हवं. बाहेरचा घेतला तर बोभाटा होईल, घरातलं पाहिजे. माझी कंबर धड असती तर मी गेलो असतो ना.”

धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. “म्हणजे बादलीचं...”

“काय बादलीचं?”

“थेंब सांडत नाही म्हणाले होते.”

“ते खोटं नाही,” तो घाईनं म्हणाला. “सांडत नाहीच तुझ्या हातून.”

तिला हसू आलं. इतके महिने ती एक वाक्य उराशी धरून हिंडली होती. हात सुजले तेव्हा, हमालांनी पाय उचलले तेव्हा, म्हातारीनं डबा परत केला तेव्हासुद्धा. ते वाक्य तिला गाडीजवळ उभं करण्यासाठी बोललं गेलं होतं, आणि ते बोललं गेलं त्या क्षणी हा माणूस दाभणात दोरा ओवत होता.

“तुम्ही एकदा तरी सांगायचंत,” ती म्हणाली.

“सांगून काय झालं असतं? तू गेली नसतीस.”

“गेले असते,” ती म्हणाली. “माहीत असून गेले असते. तेवढं माझ्यावर सोडायचं होतं.”

सकाळी ती आधी लांब्याकडे गेली. या वेळी डबा नेला नाही. दारातूनच म्हणाली, “गाडीवर मी नव्हते. उस्ताद होते. मी शिक्का मारून आणायला गेले होते. मी खोटी सही केली.”

म्हातारी काही बोलायच्या आत लांब्या कोपरावर उठला. त्याच्या चेहऱ्यावर राग यायला वेळ लागला. आधी नुसतं नवल होतं.

“मी तुला आईबहिणीवरून शिव्या दिल्यात,” तो म्हणाला. “रोज. दुखायला लागलं की तुझ्या नावानं. आता त्यांचं काय करू?”

“राहू देत.”

“मूर्ख आहेस तू.”

“आहे.”

“कुबडी दे ग आई,” लांब्या म्हणाला.

साहेबांच्या ऑफिसात पंखा कागद उडवत होता. धाकटी उभी राहिली आणि सगळं सांगितलं. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

“तेव्हा खोटं बोललीस की आता बोलतेयस?”

“तेव्हा.”

“मला कसं कळणार?”

“मी चलन घेऊन इथेच उभी होते. तुमच्या कारकुनानं शिक्का मारला. शिक्क्यावर वेळ असते.”

दारातला कारकून एकदम खिडकीबाहेर बघायला लागला. साहेबांनी त्याच्याकडे बघितलं आणि धाकटीला कळलं, हे त्यांना नवीन नव्हतं. शिक्क्याची वेळ त्यांनी केव्हाच वाचली होती. जुना चालक, नावाजलेला हात, वर्षाचा माल न तुंबता हलवणारा माणूस, आणि समोर एक शिकाऊ बाई. त्यांनी निवड केली होती.

“आणि माझे दोनशे बारा तास झालेत,” ती म्हणाली. “तेवढ्या तासांची बाई वारंवार ताकीद ऐकत नाही, असं कसं लिहिलंत?”

साहेबांनी फाईल उघडली. एक पान, त्यामागे काहीच नाही. “तुझ्या नावावर अडतीस तास आहेत. पहिल्या दोन महिन्यांनंतर पानं जमाच झाली नाहीत. मला वाटलं, सोडलंस.”

तिनं फाईलमधलं ते एकच पान उलटून बघितलं. बाहेर मालाच्या धक्क्यावर हमाल बसले होते. लांब्या कुबडीवर येऊन मधोमध बसला होता आणि त्याच्यासोबत सगळेच खाली बसले होते. दोन ट्रक लागले होते, फाळके उघडून उभे. कुणी उठत नव्हतं. साहेबांनी काचेतून बघितलं आणि घड्याळाकडे बघितलं. दुपारपर्यंत डोळ्यांचा डॉक्टर आला. त्यानं उस्तादाचा उजवा डोळा झाकला आणि समोरच्या भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. उस्तादानं मान इकडेतिकडे वळवली. मग त्यानं डॉक्टरांना विचारलं, “भिंत कुठल्या बाजूला आहे?”

कुणी हसलं नाही.

लांब्याचं ऑपरेशन कंपनीनं केलं. पाय राहिला, थोडा आखूड. उस्तादाला गाडीवरून उतरवून गेटच्या खोलीत गाड्यांचे नंबर लिहायला बसवलं. आणि धाकटीला साहेबांनी बोलावून सांगितलं, खोटं लिहून दिलंस, यापुढे या गोदामात तुझं नाव चालणार नाही. झाडलोटीलासुद्धा. त्यांनी ते वाईट वाटल्यासारखं सांगितलं. सांगताना समोरचा कागद त्यांनी तिला वाचता येऊ नये असा पालथा ठेवला होता.

घरात चूल दोन ठिकाणी पेटू लागली. थोरली भिंतीशी बोलायची. “घराला आग लावायला बाहेरचं कुणी लागत नाही,” असं भिंतीला सांगायची. नवरा दोन्ही चुलींच्या मधोमध पोती घेऊन बसायचा.

उस्ताद एकदाच बोलला. सकाळी तो अंगणात दात घासत होता. धाकटी पाणी भरून येत होती.

“काय मिळवलंस?” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होता.

“माझी पानं कुठे आहेत?” ती म्हणाली. “मी चालवलेल्या तासांची.”

“पेटीत असतील.”

“जमा का नाही केलीत?”

त्यानं चूळ भरली. थुंकला. “तीनशे झाले असते की परीक्षा. परीक्षा झाली की तुला दुसऱ्या पाळीला टाकलं असतं. मग माझ्याजवळ कोण?” तोंड पुसत तो म्हणाला, “पण शिकवलं ना तुला? मनापासून शिकवलं. माझ्या आयुष्यात इतकं कुणाला शिकवलं नाही. कागदात काय असतं?”

हेच तिला सगळ्यात जास्त लागलं. कारण ते खरं होतं. त्यानं तिला फसवलं होतं आणि शिकवलंही होतं, आणि दोन्ही एकाच तोंडानं, एकाच वेळी. त्याचा निखळ राग करावा म्हटलं तरी जमत नव्हतं, आणि जमत नव्हतं म्हणून राग दुप्पट होत होता.

“माझा माणूस माझ्यासमोर बसून गप्प राहिला,” ती म्हणाली. “तुम्ही निदान बोललात तरी. खोटं का होईना.”

दोन तासांच्या वाटेवर, नदीवरच्या पुलापलीकडे, दुसरं मोठं गोदाम होतं. लांब्याचा एक ओळखीचा तिथे माल मोजायचा. त्यानं निरोप आणला, शिकाऊ घेतायत, बाईला हरकत नाही, पण पहिल्या तासापासून सुरुवात. राहायला मागच्या बाजूला दोन खोल्या आहेत, तिथे आणखी दोघी आहेत. शाळा जवळ आहे.

सोमवारी सकाळी तिनं पोरगीचं दप्तर भरलं. स्वतःची दोन लुगडी पिशवीत घातली. मग स्वयंपाक केला, सगळ्यांचा नाही, एका माणसाचा, आणि ताट झाकून फळीवर ठेवलं. पोरगी दारात पायातल्या चपलांचे पट्टे लावत होती.

नवरा ओसरीत बसला होता. तिनं पिशवी खांद्याला लावली तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

“कुठे निघालीस?”

“कामाला.”

“ती पिशवी कशाला?” त्यानं पोरगीकडे बघितलं, दप्तराकडे बघितलं. पोत्यावर हात टेकून तो उठायला गेला, पण कमरेनं साथ दिली नाही, अर्ध्यातच खाली बसला. “अगं, दादानं काय ते केलं असेल. मी काय केलं?”

ती थांबली. पोरगी दोघांकडे बघत उभी होती. रस्त्यावरून बसचा भोंगा आला, दूरचा.

“काहीच नाही केलंत,” ती म्हणाली.

“मग परत कधी येणार?”

धाकटीनं पोरगीचा हात धरला. “जेवण झाकून ठेवलंय,” ती म्हणाली, आणि बस चुकू नये म्हणून झपाझप चालू लागली.